किकवीच्या माळावरचे पाहुणे

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर कापूरहोळ मागे पडले की भोर तालुक्यातील किकवी हे गाव लागते. पश्चिमेकडे वेल्ह्याच्या, म्हणजे आजच्या राजगड तालुक्याच्या डोंगररांगा दिसतात. दक्षिणेकडे थोड्याच अंतरावर नीरा नदी पुणे आणि सातारा जिल्ह्यांची सीमा आखीत वाहते. डोंगराकडचा भरपूर पाऊस आणि पूर्वेकडचा कोरडा माळ यांच्या मधोमध हा परिसर वसला आहे. महामार्गावरून दिवसरात्र हजारो वाहने धावत असतात. त्यांतील बहुतेकांना रस्त्याच्या दुतर्फा दिसणारी गवताची पिवळी जमीन म्हणजे अजून कोणाच्या उपयोगात न आलेली मोकळी जागा वाटते.

डिसेंबरमधील एका पहाटे आम्ही अशाच एका माळाच्या कडेला उभे होतो. गवतावर दव होते. सूर्य वर येताच आकाशात काळसर ढग हलल्यासारखा भास झाला. तो ढग वळला, पसरला, पुन्हा आखडला आणि शेजारच्या ज्वारीच्या शेतावर उतरला. त्या भोरड्या होत्या. शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध शेतकरीबाबांनी आम्हांला सांगितले की, त्यांच्या लहानपणी दिवस उगवायच्या आत गोफण घेऊन माचाणावर चढावे लागे. आता ज्वारी कमी झाली, ऊस वाढला आणि गोफण भिंतीवर गेली. भोरड्या अजून येतात. पण त्यांच्याबरोबर येणारे इतर काही पक्षी आपण बऱ्याच वर्षांत पाहिलेले नाहीत, असेही ते म्हणाले.

कोणते पक्षी, हे त्यांना नेमके सांगता आले नाही. परंतु त्यांच्या बोलण्यातील खंत खरी होती, आणि देशभरातील नोंदी तिला दुजोरा देतात. म्हणूनच हे पाहुणे कोठून येतात, का येतात आणि त्यांची संख्या का घटते आहे, हे या लेखात समजून घेण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

स्थलांतर कशासाठी?

पक्षी थंडीला भिऊन पळून येतात, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पिसांचे आवरण असलेला पक्षी बरीच थंडी सोसू शकतो. त्याला उपासमार मात्र सोसवत नाही. मध्य आशियात आणि सैबेरियात हिवाळ्यात जमीन गोठते, तळी बर्फाखाली जातात, कीटक दिसेनासे होतात आणि दिवस अगदी लहान होतो. त्याच काळात आपल्याकडे पावसाळा संपलेला असतो, गवताला बी धरलेले असते, नाकतोड्यांचा सुकाळ असतो आणि जलाशयांच्या काठी चिखलाचे पट्टे उघडे पडू लागतात. उन्हाळ्यात परिस्थिती उलट होते. उत्तरेकडे दिवस लांबतात, कीटकांची रेलचेल होते आणि पिलांना भरवण्यासाठी मुबलक अन्न व वेळ मिळतो. म्हणून ते पक्षी विणीसाठी उत्तरेकडे परततात.

याचा अर्थ असा की, या पक्ष्यांची दोन घरे आहेत आणि त्या दोहोंमध्ये वाटेवरचे अनेक मुक्काम आहेत. जगात पक्ष्यांचे असे काही ठळक आकाशमार्ग मानले जातात. आपण ज्या मार्गावर आहोत त्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. उत्तरेला सैबेरियापासून दक्षिणेला हिंदी महासागरातील बेटांपर्यंत तो पसरला असून सुमारे ३० देश त्याच्या कक्षेत येतात. किकवीचा माळ हा या मार्गाच्या दक्षिण भागातील असंख्य लहान मुक्कामांपैकी एक होय.

किकवीचे पक्षिपंचांग

वर्षभर डोळे उघडे ठेवले तर या एका परिसरातही स्थलांतराचे निरनिराळे प्रकार पाहावयास मिळतात.

जूनच्या सुरुवातीला, पावसाच्या थोडे आधी किंवा पावसाबरोबर चातक येतो. हा पाहुणा उत्तरेकडून नव्हे, तर आफ्रिकेकडून अरबी समुद्र ओलांडून येतो. त्याच सुमारास नवरंग हा रंगीत पक्षी दक्षिण भारतातून विणीसाठी वर सरकतो आणि झाडीतून त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येऊ लागते. त्याचे स्थलांतर देशाच्या सीमेतच पूर्ण होते.

पावसाळा ओसरू लागला की उत्तरेकडचे पाहुणे येऊ लागतात. भोरडी, जिला पळसमैना असेही म्हणतात, ती आग्नेय युरोप आणि मध्य आशियातील गवताळ प्रदेशांतून येते. पाठोपाठ शेपटी सतत वरखाली हलविणारे धोबी पक्षी नदीकाठी आणि ओल्या शेतांत दिसू लागतात. काटेरी झुडपाच्या शेंड्यावर बसलेला चिमुकला गप्पीदास दिसला की हिवाळा आला असे समजावे.

माळावरचा सर्वांत देखणा पाहुणा म्हणजे भोवत्या. हा शिकारी पक्षी घारीसारखा उंच घिरट्या घालीत नाही. लांब पंख किंचित वर उचलून, गवताच्या शेंड्यांवरून हातभर उंचीने तो तरंगत जातो आणि नाकतोडे, टोळ, उंदीर व लहान पक्षी टिपतो. पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या या त्याच्या दोन जाती कझाकस्तान आणि रशियाच्या गवताळ मैदानांत वीण करतात व हिवाळ्यात दख्खनच्या माळांवर येतात. यांची एक सवय लक्षात ठेवण्याजोगी आहे: झाडाच्या फांदीवर न जाता ते उंच गवतात, जमिनीवर, समूहाने रात्र काढतात.

नीरेच्या प्रवाहाबरोबर पूर्वेकडे गेले की वीर धरणाचा फुगवटा लागतो. तेथे हिवाळ्यात चक्रवाक आणि पट्टकादंब उतरतात. पट्टकादंब हा डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंसवर्गीय पक्षी. तिबेट, मंगोलिया येथील उंचावरील सरोवरांकाठी त्याचा जन्म होतो आणि हिमालय ओलांडून तो आपल्याकडे येतो. सुमारे ७,००० मीटर उंचीवरून उडताना त्याची नोंद झाली आहे. कालिदासाने मेघदूतात मानसरोवराकडे निघालेल्या हंसांचे वर्णन केले आहे. कवीच्या कल्पनेला पक्ष्यांच्या प्रत्यक्ष प्रवासाचा आधार होता, हे आज आपण जाणतो.

हे कळले कसे?

पक्षी कोठे जातो हे जाणून घेण्याचा जुना मार्ग म्हणजे त्याच्या पायात क्रमांक असलेले हलके कडे अडकवणे. तोच पक्षी दुसरीकडे सापडला की त्याच्या प्रवासाची दोन टोके जुळतात. आपल्या देशात हे काम मोठ्या प्रमाणावर १९५९ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या कारणाचा धागा पुण्याशी जोडलेला आहे.

१९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्या रोगाचा विषाणू शोधून काढला. तो रशियातील एका विषाणूशी मिळताजुळता निघाला. मग प्रश्न उभा राहिला की, उत्तरेकडून येणारे पक्षी तर तो रोग आणीत नसतील? या शंकेच्या निरसनासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांना कडी घालण्याचा प्रकल्प हाती घेतला. पक्ष्यांवरचा आरोप सिद्ध झाला नाही. परंतु त्या चौकशीतून त्यांच्या प्रवासाचे मोठे ज्ञान आपल्या हाती आले.

आता उपग्रहाशी जोडलेली छोटी यंत्रे पक्ष्यांच्या पाठीवर बसवता येतात. भारतात हिवाळा काढणारे माँटेग्यूचे भोवत्ये कझाकस्तानापर्यंत जातात, हे अशाच यंत्रांमुळे दिसून आले. जमिनीवरील माणसांनी आखलेल्या सीमा या पाखरांच्या नकाशात नसतात.

घटती संख्या

२०२३ मध्ये ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा देशातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. ३० हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या सुमारे ३ कोटी नोंदींवर तो आधारलेला आहे. त्यात ९४२ जातींचा आढावा घेतलेला आहे. त्यांपैकी ३३८ जातींबाबत दीर्घकालीन कल ठरविता आला. या ३३८ जातींपैकी ६० टक्के जातींची संख्या घटली आहे. ३५९ जातींचा अलीकडच्या वर्षांतील कल ठरविता आला. त्यांतील सुमारे ४० टक्के घटत्या आहेत. १७८ जातींना संरक्षणासाठी अग्रक्रम द्यावा, असे अहवाल सांगतो.

आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही घट सर्व पक्ष्यांत सारखी नाही. दूर अंतरावरून येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांत ती सर्वाधिक आहे. त्यांची संख्या एकूण निम्म्याहून अधिक घटली आहे. गवताळ आणि मोकळ्या प्रदेशांत राहणारे पक्षी, शिकारी पक्षी आणि बदके यांचीही स्थिती बिकट आहे. कीटक, धान्य आणि मांस खाणारे पक्षी झपाट्याने कमी होत आहेत; फळे व मध खाणारे त्या मानाने टिकून आहेत. हे सर्व वर्णन एकत्र ठेवले तर कोणते चित्र उभे राहते? दुरून येणारा, माळावर राहणारा, टोळ आणि उंदीर खाणारा पक्षी, म्हणजेच आपला भोवत्या. पांढुरका भोवत्या जागतिक पातळीवर संकटाच्या उंबरठ्यावरील जातींत गणला जातो.

एके काळी सर्वत्र दिसणारे पक्षीही या घसरणीतून सुटलेले नाहीत. थापट्या आणि चक्रांग ही हिवाळी बदके, पाणवठ्यावरचा तुतवार आणि विजेच्या तारेवर बसणारा आपला नीलपंख या जातींच्या धोक्याच्या पातळीचा जागतिक स्तरावर फेरविचार व्हावा, अशी शिफारस त्या अहवालात आहे. दुर्मीळ पक्षी नाहीसा झाला तर त्याची बातमी होते. नेहमीचा पक्षी कमी होत जातो तेव्हा मात्र कोणाच्याच लक्षात येत नाही, कारण प्रत्येक पिढी आपल्या लहानपणी जेवढे पाहिले तेवढेच पूर्ण होते असे मानून चालते. म्हणूनच त्या शेतकरीबाबांची आठवण मोलाची आहे.

भरतपूरचा धडा

स्थलांतरित पक्ष्याचे रक्षण इतके कठीण का, हे सैबेरियन क्रौंचाच्या उदाहरणावरून समजते. हा शुभ्र क्रौंच पश्चिम सैबेरियातून राजस्थानातील भरतपूरला येत असे. १९६० च्या दशकात तेथे सुमारे २०० पक्षी मोजले गेले होते. पुढे भरतपूरच्या केवलादेवला राष्ट्रीय उद्यानाचा आणि १९८५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तरीही क्रौंच दरवर्षी कमी होत गेले. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. त्यानंतर ते आलेच नाहीत.

अफगाणिस्तान आणि पाकिस्तानातून येणाऱ्या त्यांच्या वाटेवर शिकार होत असे. वाटेतली तळीही पूर्वीसारखी राहिली नव्हती. इकडचे घर सुरक्षित असूनही वाट सुरक्षित नव्हती. स्थलांतराचा हा नियम कठोर आहे. साखळीतील सर्व कड्या शाबूत असतील तरच पक्षी जगतो. तोडण्यासाठी मात्र एकच कडी पुरे होते. म्हणून ‘आमच्या एका गावाने काय होणार?’ या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. एका गावाने पक्षी वाचत नाही, हे खरे. परंतु एकेका गावानेच तो नाहीसाही होतो.

‘पडीक’ या शब्दाचा भार

मग आपली कडी कशी आहे? येथे आपण एका शब्दाकडे वळू. सातबाऱ्यावर, ग्रामपंचायतीत आणि रोजच्या बोलण्यात आपण माळाला ‘पडीक’ म्हणतो. केंद्र सरकारनेही २००० पासून पडीक भूमीचे नकाशासंग्रह प्रसिद्ध केले असून त्यांत झुडपी व गवताळ जमिनीचे मोठे क्षेत्र पडीक म्हणून दाखविले आहे. जी जमीन पडीक ठरते तिचे काहीही केले तरी ते सुधारणाच वाटते.

देशातील कोरड्या पट्ट्यात अशा नैसर्गिक मोकळ्या परिसंस्था देशाच्या सुमारे १० टक्के भूभागावर आहेत, आणि त्यांतील ५ टक्क्यांहूनही कमी क्षेत्र संरक्षित आहे. आपल्या जिल्ह्यात बारामती तालुक्यातील सुपे येथे मयूरेश्वर अभयारण्य आहे. माळाला अभयारण्य म्हणून मान मिळाल्याचे हे चांगले उदाहरण. परंतु त्याचे क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर आहे. भोवत्यासारख्या पक्ष्याला एवढ्याशा तुकड्यावर हिवाळा काढता येत नाही. त्याला गावोगावची गायराने आणि माळ लागतात.

किकवी परिसरातून जाणारा महामार्ग चौपदरी झाला, पुढे सहापदरीकरणाचे काम निघाले. रस्ता आला की जमिनीचे भाव वाढतात, प्लॉट पडतात, गोदामे आणि ढाबे उभे राहतात. पाणी पोहोचते तेथे ऊस येतो. यांत शेतकऱ्याला दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. मुलांचे शिक्षण आणि घरातले आजारपण त्याला जमिनीतूनच भागवावे लागते. परंतु ज्वारी-हरभऱ्याच्या जागी बारमाही ऊस आला की भोरडीचे धान्य, धोबी पक्ष्यांचे कीटक आणि भोवत्याचे मोकळे रान एकाच वेळी जाते, ही वस्तुस्थिती आहे. कीटकनाशकांमुळे नाकतोडे मरतात, आणि उरलेल्यांबरोबर ते विष पक्ष्यांच्या पोटात जाते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी डोंगरांना लागणारे वणवे हे आणखी एक कारण. जाळले की पुढच्या वर्षी गवत चांगले येते, या समजुतीने पुष्कळदा वणवा मुद्दाम लावला जातो. त्यात परतीच्या प्रवासापूर्वी पाहुण्यांना लागणारे कीटक नष्ट होतात आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या चंडोल, माळटिटवी यांसारख्या आपल्या रहिवासी पक्ष्यांची अंडी-पिले होरपळतात.

आणि येथे आम्हांला एक कबुलीही द्यावयाची आहे. निसर्गप्रेमाने भारलेल्या आमच्यासारख्यांनीही पावसाळ्यात कुदळी घेऊन माळावर रोपे लावली आहेत. राज्यात २०१९ मध्ये ३३ कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडला गेला, तेव्हा अनेक शाळा व संस्था उत्साहाने पुढे आल्या. उजाड झालेल्या जंगलात झाड लावणे हे पुण्यकर्मच आहे. परंतु मूळच्या गवताळ माळावर खड्डे खणून गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावली की सावलीने गवत खुरटते आणि गवतात झोपणारा भोवत्या बेघर होतो. आपण हिरवे केले म्हणून समाधान मानतो, आणि पाहुण्याचे अंथरूण काढून घेतलेले असते.

बदलते ऋतुमान

या सर्वांवर आता हवामानबदलाची भर पडली आहे. हे पक्षी उत्तरेकडे निघण्याची वेळ मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरवितात. दिवसाची लांबी बदललेली नाही. परंतु उत्तरेकडचा वसंत लवकर येऊ लागला आहे. पक्षी ठरल्या वेळी पोहोचतो तेव्हा कीटकांचा भर ओसरलेला असतो आणि पिले उपाशी राहतात. नेदरलँड्समध्ये आफ्रिकेतून येणाऱ्या एका छोट्या माशीमार पक्ष्याचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वनांत सुरवंटांचा हंगाम सर्वांत लवकर येऊ लागला होता, तेथे त्या पक्ष्याची संख्या सुमारे दोन दशकांत ९० टक्क्यांनी घटलेली आढळली.

आपल्या बाजूलाही वेळापत्रक विस्कटते. परतीचा पाऊस लांबला की धरणे नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत काठोकाठ भरलेली राहतात. आपल्याला ते समृद्धीचे लक्षण वाटते. परंतु चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या तुतवारासारख्या पक्ष्याला खोल पाण्याचा काही उपयोग नसतो. त्याला उथळ काठ आणि उघडा चिखल हवा असतो. तो न मिळाल्यास पक्षी पुढे जातात किंवा विखुरतात.

वाढलेली संख्या नेहमीच शुभ नसते

येथे वाचकांच्या मनात शंका येईल की, दरवर्षी वर्तमानपत्रांत तर अग्निपंखांच्या, म्हणजे फ्लेमिंगोंच्या, हजारोंच्या थव्यांची छायाचित्रे येतात. मग घट कोठे आहे? शंका रास्त आहे. त्याआधी एक दुरुस्ती करावयास हवी. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर येणारे अग्निपंख सैबेरियाहून येतात असे वारंवार लिहिले जाते. प्रत्यक्षात त्यांचे मोठे वीणस्थान आपल्याच देशात, गुजरातमधील कच्छच्या रणात आहे.

ठाणे आणि मुंबईच्या खाड्यांत अग्निपंखांची संख्या एक लाखाच्या वर गेली. ही आनंदाची गोष्ट खरी; परंतु सांडपाण्यामुळे वाढलेले शेवाळ हे त्यामागचे एक कारण मानले जाते. एका जातीला मानवलेले गढूळ पाणी इतर अनेकांना मानवत नाही. राष्ट्रीय अहवालानुसार मोर, कावळे आणि पारवे यांसारखे माणसाशी जुळवून घेणारे पक्षीही सुस्थितीत आहेत किंवा वाढले आहेत. थोड्या जातींची गर्दी आणि पुष्कळ जातींची अनुपस्थिती, असे आजचे चित्र आहे. गर्दीचे छायाचित्र काढता येते. अनुपस्थितीचे काढता येत नाही.

आशेची उदाहरणे

तथापि, निराश होण्याचे कारण नाही. २०१२ मध्ये नागालँडमधील दोयांग जलाशयाजवळ अमूर ससाण्यांची मोठी कत्तल उघडकीस आली. हा जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा पक्षी ईशान्य चीन व सैबेरियातून निघून भारतावरून, आपल्या महाराष्ट्रावरूनही जात अरबी समुद्र पार करतो आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचतो. वाटेत दोयांगला विसावणारे हे ससाणे जाळ्यांत पकडून विकले जात होते. ग्रामसभा, स्थानिक चर्च, विद्यार्थी आणि वनविभाग एकत्र आले आणि पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, तेथील शिकार थांबली. ज्या पांगती गावाची जाळी प्रसिद्ध होती, त्याच गावाचे नाव एका ससाण्याला देऊन, पाठीवर यंत्र बांधून त्याला आकाशात सोडण्यात आले.

दुसरे उदाहरण आपल्या भोरडीचेच आहे. चीनच्या शिंजियांग प्रांतात टोळ खाणाऱ्या या पक्ष्याला शेतकऱ्यांचा मित्र मानतात आणि तिला घरटी करता यावीत म्हणून दगडांचे ढीग व भिंती रचून ठेवतात. २०१८ मध्ये तेथे एका महामार्गाच्या कामावर रचलेल्या दगडांत भोरड्यांनी घरटी केली, तेव्हा पिले उडेपर्यंत ते काम थांबविण्यात आले. मध्य आशियातील अशाच माळांवर जन्मलेल्या भोरड्या हिवाळ्यात भारतात उतरतात. किकवीच्या शेतात बसलेला थवा कोणत्या माळावरचा, हे आपण सांगू शकत नाही. परंतु कोणीतरी, कोठेतरी त्यांच्यासाठी थांबले होते, हे आपण लक्षात ठेवू शकतो.

आपण काय करू शकतो?

मोठ्या उपायांसाठी शासन आहे, आंतरराष्ट्रीय करार आहेत. स्थलांतरित प्राण्यांविषयीच्या कराराची परिषद २०२० मध्ये आपल्याच देशात, गांधीनगरला भरली होती. परंतु गावाच्या हातातही बरेच काही आहे.

पहिली गोष्ट म्हणजे गायरान आणि माळ यांच्याविषयी निर्णय घेण्यापूर्वी तेथे काय जगते, हे पाहावे. वृक्षारोपण करावयाचे असेल तर रस्त्याकडेला, ओढ्याकाठी, गावठाणात आणि जेथे पूर्वी झाडी होती अशा जागी करावे. वड, पिंपळ, उंबर, पळस, पांगारा अशी आपली झाडे निवडावीत. माळाला मात्र गवत राखू द्यावे. गवत राखणे म्हणजे काहीच न करणे नव्हे. गुरांसाठी चारा आणि पाखरांसाठी आसरा एकाच माळातून मिळू शकतो. कापणी एकदम न करता टप्प्याटप्प्याने केली आणि उंच गवताचा एखादा पट्टा मार्चअखेरपर्यंत उभा ठेवला, तरी पुष्कळ साधते.

दुसरी गोष्ट वणव्याची. तो रोखण्यासाठी ग्रामपंचायत, वनविभाग आणि तरुण मंडळे यांनी फेब्रुवारीपूर्वीच जाळरेषा काढाव्यात. तिसरी गोष्ट शेताची. बांधावरची झुडपे व गवत तणनाशकाने जाळून न टाकता थोडी राखावीत.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी आहे: मोजणे. दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा ज्येष्ठ अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा, तर १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. चितमपल्ली २०२५ मध्ये आपल्यातून गेले. पक्ष्यांची मराठी नावे जपण्याचे त्यांचे काम आता आपल्याकडे आले आहे. जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते. ती १९८७ पासून सुरू आहे. वीर धरणाच्या काठी किंवा नीरेच्या पुलाजवळ शाळेतल्या मुलांनी एक सकाळ उभे राहून काय दिसले, किती दिसले, हे वहीत लिहिले आणि दरवर्षी तसेच केले, तर दहा वर्षांनी ती वही गावाची ठेव ठरेल. आज त्या शेतकरीबाबांना ‘पूर्वी काहीतरी होते’ एवढेच सांगता येते. उद्याच्या मुलांना ‘काय होते’ हे सांगता आले पाहिजे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि पांगारा फुलतात. भोरड्या त्या फुलांतील मध पिण्यासाठी झाडांवर गर्दी करतात. लांबच्या प्रवासाची ती शिदोरी असते. मग एप्रिलमधील एका सकाळी आपल्या लक्षात येते की, झाडावरचा कलकलाट थांबला आहे. निरोप न घेता पाहुणे गेलेले असतात. ते जाताना आपल्याला काही मागत नाहीत. परत येतील तेव्हा गवताचा माळ, पाण्याचा उथळ काठ आणि चार फुलणारी झाडे जागेवर असावीत, एवढीच त्यांची गरज असते. ती भागविणे किकवीला आणि किकवीसारख्या प्रत्येक गावाला शक्य आहे.